मुक्या बोलपटाचा तपास

घरगुती यंत्रांना जडणाऱ्या नानाविध व्याधींमध्ये, संगणकावर लावलेल्या चित्रपटाचे चित्र स्वच्छ दिसावे आणि आवाज मात्र यत्किंचितही ऐकू येऊ नये, ही व्याधी सर्वांत विलक्षण होय, असे माझे दीर्घ निरीक्षणान्ती झालेले मत आहे. चित्र गेले तर माणसे उठतात, पाणी पितात, ‘उद्या बघू’ म्हणतात आणि अंथरुणाची वाट धरतात. काळ्या पडद्यापुढे आपली मात्रा चालणार नाही, हे लहानथोर सर्वांना न सांगता उमगते. परंतु आवाज गेला म्हणजे एकही मनुष्य जागचा हलत नाही. पडद्यावर नायिका ओठ हलविते आहे, तिचा बाप डोळे वटारतो आहे, कोणी तरी संतापाने दार आपटल्याचे स्पष्ट दिसते आहे, आणि ‘आता येईल, आता येईल’ या आशेवर सारी मंडळी पुढे सरकून बसतात व एकसमयावच्छेदेकरून बोलू लागतात. एरवी परस्परांशी चार शब्द बोलावयास ज्यांना सवड नसते अशी कुटुंबेच्या कुटुंबे, केवळ चित्रपट मुका झाल्यामुळे, घटका घटका एकाच विषयावर हिरिरीने बोलताना मी पाहिली आहेत.

या बोलण्याचे बाह्य स्वरूप सल्ल्याचे असले, तरी जरा कान देऊन ऐकल्यास त्यात निरनिराळे संप्रदाय आढळून येतात. ‘वायर हलवून बघा’ म्हणणारे बहुधा पन्नाशीपुढचे असतात. रेडिओच्या आणि कॅसेटच्या राज्यात त्यांची जडणघडण झालेली असल्यामुळे, पाठीत चापट मारली की यंत्र ताळ्यावर येते, या सिद्धांतावर त्यांची अढळ निष्ठा असते. आणि त्या निष्ठेला अधूनमधून फळही येत असल्याने तिचे खंडन करणे आजवर कोणास साधलेले नाही. ‘बंद करून चालू करा’ हा संप्रदाय सर्व वयांत पसरलेला आहे, आणि त्याचा दरारा असा की पगारी इंजिनिअरसुद्धा फोनवर प्रथम याच मंत्राचा उच्चार करतात. परंतु खरा प्रबळ पक्ष म्हणजे ‘तरी मी म्हणतच होते’ हा. या पक्षाकडे उपाय नसतो; पुरावा मात्र मुबलक असतो. परवा पाहुण्यांच्या चिरंजीवांनी माऊसशी चाळा केला होता. गेल्या दिवाळीत टेबल सरकविले तेव्हाच मागे काही तरी ‘टक्’ म्हणाले होते. आणि मुळात तपकीर गल्लीतून स्वस्तातले स्पीकर आणावयाची काही गरज होती का, या प्रश्नाला तर अपीलच नाही.

मला विचाराल तर, यात अपराध बहुतेक वेळा यंत्राचा नसून राज्यव्यवस्थेचा असतो. चावीच्या ग्रामोफोनला आवाज कमीजास्त करण्याची खुंटीच नसे. मोठा आवाज हवा असल्यास जाड पिन लावावयाची, लहान हवा असल्यास बारीक, आणि एवढ्यावर लोकांचे भागत असे. रेडिओला एक खुंटी आली, आणि घरातील कर्ता पुरुष तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसू लागला. संगणकाच्या अमदानीत मात्र ध्वनीच्या वाटेवर इतके अंमलदार नेमले गेले आहेत, की कचेरीतून कचेरीत फिरणाऱ्या एखाद्या गरीब कुळाच्या दरखास्तीची जी गत, तीच त्या बिचाऱ्या ध्वनीची. चित्रपट दाखविणाऱ्या प्लेअरची स्वतःची पट्टी असते. पडद्याच्या कोपऱ्यात, घड्याळाशेजारी, संगणकाची सरसकट पट्टी असते. २००७ साली विंडोज व्हिस्टा बाजारात आले तेव्हापासून प्रत्येक प्रोग्रॅमची निराळी पट्टीही तिच्या पोटात दडलेली असते, जिची वार्ता घरातील निम्म्या माणसांना नसते. कीबोर्डावर एक बटण असते, जे फडक्याने धूळ पुसताना आपोआप दाबले जाते. स्पीकरच्या अंगावर एक चाक असते. आणि त्या स्पीकरला वीज पोचविणाऱ्या बोर्डावर, मोबाइलच्या चार्जरांच्या गर्दीत, आणखी एक बटण असते. यांपैकी प्रत्येकाला नामंजुरीचा शेरा मारण्याचा पूर्ण अखत्यार आहे. अखेरची मंजुरी देण्याचा मात्र एकालाही नाही. बाकीच्या सर्वांनी शंभर टक्के शिफारस केली आणि एकाने शून्य लिहिले, की प्रकरण दप्तरी दाखल. बरे, चौकशीला जावे तर प्रत्येक ठिकाणी उत्तर एकच: आमच्याकडून कागद केव्हाच पुढे रवाना झाला. पट्टीशेजारची हिरवी रेघ ध्वनीच्या तालावर टुणटुण उड्या मारीत असते, म्हणजे जावक बारनिशीत नोंद पक्की. आणि खोलीत मात्र पंख्याच्या घरघरीवाचून काही ऐकू येत नाही.

या कारणास्तव अशा प्रसंगी आम्ही तंत्रज्ञापेक्षा आमचे शेजारी भाऊसाहेब यांना आधी पाचारण करतो. भाऊसाहेब तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झाले. संगणक म्हणजे काय हे त्यांस ठाऊक नाही. परंतु कागद कोठे अडतो हे पक्के ठाऊक आहे. ते येतात, चष्मा पुसतात, आणि स्पीकरवरील तांबड्या दिव्याकडे बोट दाखवून विचारतात, “हा लागलेला आहे?” आम्ही होय म्हणतो. “म्हणजे कामावर हजर आहे,” ते निर्णय देतात, “काम करीत नाही, एवढंच.” त्यानंतर वायरींची पाहणी मुक्रर होते.

संगणकाच्या पाठीमागील प्रदेश ज्याने प्रत्यक्ष पाहिला आहे त्यालाच या पाहणीचे गांभीर्य कळेल. तेथे साडेतीन मिलिमीटर व्यासाची अनेक छिद्रे ओळीने असतात, आणि त्यांतील कोणते कशाचे याबद्दल घोटाळा होऊ नये म्हणून मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल या दोन कंपन्यांनी ‘पीसी ९९’ नावाच्या नियमावलीत त्यांचे रंगही ठरवून दिलेले आहेत: स्पीकरसाठी पोपटी, माईकसाठी गुलाबी, बाहेरून येणाऱ्या ध्वनीसाठी फिकट निळा. योजना अत्यंत दूरदर्शी होती. फक्त ही छिद्रे भिंतीकडे तोंड करून, टेबलाखालच्या अंधारात, धुळीच्या एका जाड थराखाली असतील, आणि तेथे पाहणारा गृहस्थ पोटावर पालथा पडून, दातांत मोबाइल धरून, त्याच्या उजेडात पोपटी आणि फिकट निळा यांतील भेद निश्चित करू पाहील, ही गोष्ट नियमकर्त्यांच्या ध्यानी आलेली दिसत नाही. वरून सौभाग्यवतींची जबानी चालू असते. “आता?” “नाही.” “आता?” “थांबा हं... नाही, तो बाहेर रिक्षाचा आवाज होता.” “आता बघ.” “अहो, आता तर चित्रपण गेलं.” या मोहिमेत आमच्या घरी गतवर्षीची एक राखी, कॅरमचा हरवलेला स्ट्रायकर आणि वीजबिलाची एक पावती असा मुद्देमाल हस्तगत झाला, त्यांपैकी स्ट्रायकर मिळाल्याचा आनंद मुलांना इतका झाला, की मूळ फिर्यादीचा काही काळ सर्वांनाच विसर पडला.

ध्वनी नेहमी नष्टच होतो असेही नाही. पुष्कळदा तो दुसऱ्याच्या पत्त्यावर गेलेला असतो. पडद्याला जोडावयाची जी एचडीएमआय नामक केबल आहे, तिच्यातून चित्र आणि ध्वनी एकत्रच वाहतात, आणि ती जोडली की संगणक मोठ्या इमानाने आपला सारा आवाज पडद्याच्या स्वाधीन करतो. पडद्याला तोंड आहे की नाही, ही चौकशी तो करीत नाही. ब्लूटूथची तऱ्हा तर याहून न्यारी. माझ्या माहितीतील एका घरी दिवाणखान्यात खलनायक तोंड वासून, मान मागे टाकून निःशब्द हसत होता, आणि त्याच वेळी स्वयंपाकघरात ओट्यावरच्या छोट्या स्पीकरमधून त्याचे ते सप्तमजली हास्य फुटल्यामुळे, कढईपाशी उभ्या असलेल्या गृहिणीच्या हातून अनारसा तुपाऐवजी फरशीवर पडला. सकाळी अभंग ऐकण्यासाठी जोडलेला तो स्पीकर कोणी तोडलाच नव्हता.

संगणकाच्या पोटातही अशा तक्रारींचे निवारण करणारा एक अधिकारी बसविलेला असतो, आणि त्याची सभ्यता वाखाणण्यासारखी आहे. त्याला हाक मारली की तो ‘समस्येचा शोध घेत आहे’ असे कळवितो, एक हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे चालवितो, स्पीकर जोडला आहे ना, असे अदबीने विचारतो, आणि शेवटी, कोणताही दोष आढळला नाही, असा निर्वाळा देऊन, या मदतीने आपले समाधान झाले काय, हा अभिप्राय मागतो. भाऊसाहेबांना हा अधिकारी फार पसंत पडला. “आमच्याकडे असता तर मामलेदार झाला असता,” ते म्हणाले.

आता विद्वानांचा प्रांत. एखादी चित्रपटाची फाइल आपल्याला एकजिनसी वाटते. वस्तुतः तिच्यात चित्र निराळ्या रीतीने आणि ध्वनी निराळ्या रीतीने, आकुंचित करून बांधलेले असतात, आणि ते उलगडण्याची जी रीत, तिला कोडेक म्हणतात. चित्राचा कोडेक संगणकापाशी असेल आणि ध्वनीचा नसेल, तर चित्र नाचू लागते आणि ध्वनी गाठोड्यातच राहतो. डीव्हीडीवर आणि तिच्यावरून उतरविलेल्या असंख्य फायलींमध्ये ध्वनी ज्या रीतीने बांधलेला असतो, ती डॉल्बीची एसी-३ पद्धत. १९९२ साली ‘बॅटमॅन रिटर्न्स’ या चित्रपटाबरोबर ती प्रथम थिएटरांत आली. तिच्यावर पेटंटे होती, ती वापरणाऱ्या कंपनीला त्याचा मोबदला मोजावा लागे, आणि ज्याला तो मोजावयाचा नव्हता त्याने आपल्या यंत्रातून तेवढा ध्वनीच वगळला. पेटंटांची मुदत २०१७ साली सरली; परंतु तोवर कित्येक घरांतील वीरांनी कैक लढाया निःशब्द लढून घेतल्या होत्या.

या संकटावर तरुण पिढीकडे एकच रामबाण आहे, आणि त्याचे चिन्ह, रस्ता खणताना मांडून ठेवतात तो नारिंगी शंकू. पॅरिसच्या एकोल सांत्राल या इंजिनिअरिंगच्या विद्यालयातील विद्यार्थ्यांनी १९९६ साली जो उद्योग आरंभिला, त्यातून व्हीएलसी हा प्लेअर निपजला. २००१ साली तो सर्वांसाठी खुला झाला. आणि बहुतेक सर्व कोडेक त्याच्या पोटात उपजतच असल्यामुळे तो कोणापुढे हात पसरीत नाही. शंकूचे कारण असे सांगतात, की ती मुले रस्त्यांवरचे खरेखुरे शंकू गोळा करून आणीत. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. घरातील कोणत्याही यंत्राची कोणतीही तक्रार त्याच्या कानी घातली, तरी तो ती पुरती ऐकून घेण्यापूर्वीच “मामा, व्हीएलसी टाक” असे म्हणतो. एकदा फ्रिजविषयी बोलणे चालले असतानाही तो तसे म्हणाल्याचे मला स्मरते.

परंतु या साऱ्या प्रकारांत जो प्रकार मला सर्वाधिक मनोरंजक वाटतो, तो म्हणजे अर्धवट मुकेपणाचा. आम्ही एक ऐतिहासिक मराठी चित्रपट लावला होता. तुतारी कडाडली, घोडे खिंकाळले, तलवारींचा खणखणाट झाला. सर्व काही यथास्थित ऐकू येत होते. मग दरबार भरला, महाराजांनी अमात्यांकडे करडी नजर टाकली, तोंड उघडले, आणि त्यातून एक अक्षरही बाहेर पडले नाही. मागे सनईचे सूर तेवढे स्पष्ट. अमात्य उत्तरले, तेही तसेच. पडदे सळसळले तो आवाज आला, कोणाच्या तरी हातातून तबक पडले तेही खणकन वाजले, परंतु मनुष्यमात्राची वाणी म्हणून त्या राज्यात शिल्लक राहिली नव्हती.

यामागील कारण समजल्यावर मी थक्क झालो. अलीकडच्या चित्रपटांतील ध्वनी ज्या ५.१ रचनेचा असतो, तिच्यात डावा, उजवा, मधला, मागचे दोन आणि घुमणाऱ्या खर्जासाठी एक, असे सहा प्रवाह असतात. आणि संवाद, पात्राच्या तोंडून आल्याचा भास व्हावा म्हणून, प्रायः मधल्या प्रवाहात सोडलेले असतात. संगणकाला कोणी तरी, केव्हा तरी, या घरी सहा स्पीकर आहेत, असे लिहून दिले असावे. घरी होते दोन. संगणकाने लेखी हुकमाची तंतोतंत तामिली केली: वाद्ये आणि घोडे डाव्याउजव्यास दिले, आणि महाराजांचे संवाद नेऊन पाठीमागच्या नारिंगी छिद्रात पोचते केले, ज्यात काहीही खुपसलेले नव्हते. आमचे हिंदवी स्वराज्याचे सारे राजकारण त्या रिकाम्या छिद्राच्या तोंडाशी येऊन थांबत होते! हीच अवस्था कधी कधी प्लग अर्धवट बसल्यानेही ओढवते. त्याची तिसरी, समाईक कडी नीट टेकली नाही म्हणजे डाव्या आणि उजव्या ध्वनीत जे समान असेल ते परस्परांत कटून जाते आणि जे निराळे असेल तेवढेच कानी येते. बोलणाऱ्याचा आवाज बहुधा दोहोंत समान असतो, म्हणून नेमका तोच जातो.

हे ज्ञान मागाहूनचे. त्या वेळी घरात आत्याबाई होत्या. वय ऐंशीच्या घरातले, कान तिखट, आणि कथानक या विषयात कोणाची भीड न धरण्याचा स्वभाव. “थांबा रे, मी सांगते,” त्या म्हणाल्या, आणि पुढील अर्धा तास त्या दरबारातील यच्चयावत् पात्रांच्या वतीने एकट्या बोलल्या. अमात्य फितूर आहे, हे त्यांनी त्याच्या मिशीवरून प्रथमच जाहीर करून टाकले. तो राणीसाहेबांना गोड बोलून भुलवीत होता. शत्रूच्या गोटात खलिता धाडीत होता. मुलगी त्याची नव्हेच, वाढविलेली. भाऊसाहेबांचे लक्ष खलित्यावर. “मोर्तब दिसलं नाही,” ते म्हणाले, “बनावट कागद आहे. यावर महाराजांना कारवाई करता येणार नाही.” सौभाग्यवतींना अमात्याचा चेहरा सज्जन वाटत होता आणि त्यावरून दोन तट पडले. कोणीही उठून संगणकाकडे गेले नाही.

फार मागे जावयाचे नाही, परंतु ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला, तेव्हाही पात्रे अशीच ओठ हलवीत होती. मधूनमधून अक्षरांच्या पाट्या येत, आणि अक्षरओळख असलेले लोक त्या नसलेल्यांना मोठ्याने वाचून दाखवीत. त्या वाचनात पदरचे किती मिसळले गेले असेल, हे आत्याबाईंना ऐकल्यावर माझ्या ध्यानात आले. १४ मार्च १९३१ रोजी मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ झळकला आणि हा व्यवसाय बुडाला. त्या चित्रपटाच्या वेळी ध्वनीने काय छळले असेल! अर्देशीर इराणींचा स्टुडिओ पडला रेल्वेच्या रुळांशेजारी. गाड्यांची धडधड संवादांत शिरू नये म्हणून रात्री, रहदारी थांबल्यावर, चित्रीकरण करावे लागे. आणि एवढे करून त्या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत आज कोठे सापडत नाही. आवाज राहोच, चित्रही गेले. दुसऱ्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, आणि हरिश्चंद्राचीच कथा मराठी माणसाने या खेपेस कानांनी ऐकली.

आमच्याकडे कान परत आले ते भाच्यामुळे. तो आला, “मामा, व्हीएलसी टाक” म्हणाला, ते होतेच असे कळल्यावर क्षणभर निराधार झाला, आणि मग ध्वनीच्या सेटिंगांत शिरून, ‘५.१’ लिहिले होते तेथे त्याने ‘स्टिरिओ’ केले. तथापि दरम्यानच्या काळात एक गोष्ट घडून गेली होती. संवाद ऐकू येईनात म्हणून ज्याला जी पट्टी, जे चाक सापडले ते त्याने शेवटच्या टोकापर्यंत नेऊन ठेवले होते, आणि एकाने वाढविलेले दुसऱ्यास ठाऊक नव्हते. परिणामतः महाराज जे बोलते झाले, ते असे की काचेच्या कपाटातील कपबश्या किणकिणल्या, समोरच्या इमारतीत दोन दिवे लागले, आणि भाऊसाहेब नकळत उठून उभे राहिले.

आवाज बेताचा केल्यावर, चित्रपट कोठवर मागे न्यावा, हा वाद उपस्थित झाला. मुलांना तो पहिल्यापासून हवा होता, सौभाग्यवतींना दरबारापासून, आणि आत्याबाईंना अजिबात नको होता, कारण त्यांच्या मते काहीच समजावयाचे राहिले नव्हते. शेवटी दरबारापासून लावला. अमात्य बोलू लागला. आणि तो निष्ठावंत निघाला. खलिता खरा होता, मुलगी त्याचीच होती, आणि फितूर होता तो दुसराच, ज्याच्या वतीने आत्याबाईंनी सर्वांत सुंदर वाक्ये उच्चारली होती. सर्वांच्या नजरा त्यांच्याकडे वळल्या.

“हे आवाज मागाहून भरलेत,” आत्याबाई शांतपणे म्हणाल्या.

“आत्याआजी,” भाचा म्हणाला, “पुष्कळ सिनेमांत संवाद नंतरच स्टुडिओत भरतात. डबिंग म्हणतात त्याला.”

“मग? मी काय निराळं सांगतेय?”

भाऊसाहेबांनी चष्मा काढून घडी घातला आणि साक्ष ग्राह्य धरली.